मास्तरची वही

४ ऑक्टोबर, शनिवार

पोपट आज दुपारी साडेबारा वाजता घरी आला. वजन ४१२ ग्रॅम. गाडीत सगळा वेळ एका पायावर उभा होता. घरी आल्यावर तासभर पाण्याकडे बघितलं नाही, मग प्यायला. गाजराचे दोन तुकडे खाल्ले, तिसरा खाली टाकला.

ही वही पक्षी-निवारा केंद्रातल्या बाईंनी दिली. पहिले तीन महिने नियमित लिहायचं अशी त्यांची अट आहे. सकाळचं उपाशीपोटी वजन, खाणं, विष्ठा, काढलेले आवाज. उरलेल्या जागेत तुमचं काय ते लिहा म्हणाल्या, कोरी पानं परत आली की त्यांना राग येतो. मी दवाखान्याच्या औषध विभागात काम करते. नोंदींची सवय आहे.

पोपट करडा आहे, शेपटी तेवढी लालभडक. छातीवरची पिसं त्यानं स्वतःच उपटली आहेत, तिथे गुलाबी कातडी दिसते. एका बहिऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांचा होता. ते एकटेच राहायचे. आजारी पडून हॉस्पिटलात गेले ते परतले नाहीत, आणि घरात पोपट आहे हे आठ दिवस कुणाला ठाऊक नव्हतं. गळक्या नळाच्या पाण्यावर जगला. नंतर वर्षभर केंद्रात होता. समोरच्याकडे मान तिरकी करून बघतो, गृहपाठ तपासल्यासारखा, म्हणून तिथे सगळे त्याला मास्तर म्हणतात.

बाईंनी मला विचारलं, तुम्ही बोलक्या आहात का. मी नाही म्हटलं. मग जमेल, त्या म्हणाल्या, हाही नाही. दोघं मिळून गप्प बसा.

या गावात येऊन मला अठरा दिवस झाले. तिसरा मजला, दोन खोल्या, मध्ये लांब पॅसेज, पॅसेजच्या टोकाला न्हाणीघर. ताईला जाऊन आज बरोबर चार महिने झाले. तिच्याशिवाय त्या घरात राहवेना म्हणून बदली मागून घेतली. भावाला फोनवर पोपटाचं सांगितलं तर तो हसला. म्हणाला, चला, कुणीतरी तुझं डोकं खायला हवंच होतं. खूप दिवसांनी मलाही हसू आलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

वजन ४०९. खाणं ठीक. भोपळी मिरचीच्या बिया फार आवडतात.

न चिकटणारा तवा काल शेजारच्या दुकानदाराला देऊन टाकला. तो जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी मरतो. बाईंनी हे मला तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. पिंजऱ्यात वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या लावल्या. एकाच जाडीची दांडी असेल तर तळव्यांना घट्टे पडतात. दिवसा पिंजऱ्याचं दार उघडंच ठेवायचं. तो पिंजऱ्याच्या छपरावर बसतो आणि पुढच्या खोलीवर देखरेख करतो.

मी आठ वाजता निघते, साडेपाचला येते. वजनकाटा दवाखान्यातल्यासारखाच निघाला, शून्यावर आणायचं बटणही तिथेच आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

वजन ४१५. आज पहिल्यांदा हातावर चढला. नखं टोचतात, पण चोच लावली नाही.

आवाजही काढला. केंद्रातल्या फोनची घंटा, आणि लगेच बाईंच्या आवाजात “नाही हो, आज नाही, उद्या या.” इतकं हुबेहूब की मी पर्स उचलून उभी राहिले. एकटीच हसत बसले. ताई असती तर तिनं त्याला आठवड्यात पाढे शिकवले असते. तिनं एकतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वजन ४१४. डाळिंबाचे दाणे, मका.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. विचारत होत्या, तुमच्याकडे कुणी आलंय का. दुपारी बाईमाणसाचा आवाज येतो, हाका मारल्यासारखा. मी पोपटाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, कमाल आहे, तुमचा पोपट एवढा बोलतो आणि आमचे हे इतके गप्प की घरात आहेत का ते मला तीन-तीनदा बघून यावं लागतं.

संध्याकाळभर मास्तरसमोर बसले. एक शब्द बोलला नाही. मी नसतानाच बोलतो असं दिसतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

वजन ४१४.

आज सुट्टी. जेवणानंतर पुस्तक घेऊन पडले होते. तीन चाळीसला मास्तर म्हणाला, “बारके.”

हे लिहून ठेवते, कारण यात काहीतरी चुकतंय. मला बारकी फक्त ताई म्हणायची. भाऊ मला नावानं हाक मारतो. दवाखान्यात मला आडनावानं ओळखतात. या गावात हा शब्द कुणी उच्चारलेला नाही. मीही नाही, स्वतःला कोण हाक मारतं?

आवाज ताईचा होता. शेवटचा के ती थोडा लांबवायची, तो लांबवलेला होता.

२० ऑक्टोबर, सोमवार

वजन ४१२. केंद्रातल्या बाईंना दुपारच्या सुट्टीत फोन केला. म्हातारे गृहस्थ कुणाला बारके म्हणायचे का, केंद्रात कुणाला म्हणतात का, असं विचारलं. दोन्हीकडे नाही. त्या म्हणाल्या की पोपट मनाचं काही बोलत नाही. जे ऐकतो तेच बोलतो, आणि तेही पुष्कळदा ऐकलं तरच. तुमच्या घरात कुणीतरी म्हणत असणार.

माझ्या घरात कुणी नाही, मी म्हटलं.

मग तुम्हीच झोपेत म्हणत असाल, त्या म्हणाल्या. एकट्या माणसाला कळत नाही तो काय-काय बोलतो ते.

हे पटलं. पटवून घेतलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

वजन ४०८. खाणं थोडं कमी.

अर्धी रजा टाकून दुपारी घरी आले. किल्ली फिरवतानाच आतून ऐकू आलं.

“बारके, येतेस का जरा.”

आणि मग माझा आवाज: “आले.”

दार उघडलं. मास्तर पिंजऱ्याच्या छपरावर, पॅसेजकडे तोंड करून. घड्याळात तीन त्रेचाळीस.

झोपेत बोलणारी माणसं दोन आवाजांत बोलत नाहीत.

२६ ऑक्टोबर, रविवार

वजन ४०५.

ही वही कधीतरी केंद्रातल्या बाई वाचतील. वाचू देत. मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

ताईनं एकदाच हाक मारली आणि मी धावत गेले, असं मी भावाला सांगितलं. सगळ्यांना हेच सांगितलं. ते खोटं आहे.

त्या दुपारी तीन चाळीसला ती न्हाणीघरात पडली. पडल्याचा आवाज मला आला नाही. हाक आली, बारके, येतेस का जरा. मी पुढच्या खोलीत स्वेटरची बाही विणत होते. ओळ अर्धी होती. आले, असं म्हटलं आणि ओळ पुरी केली. मग पुढची उलट्या टाक्यांची ओळ केली, कारण तिथे सोडलं की टाके चुकतात. पुन्हा हाक आली. पुन्हा आले म्हटलं. आम्ही दोघी जन्मभर अशाच राहिलो. ती चष्म्यासाठी हाक मारायची, टॉवेलसाठी मारायची, भिंतीवर काय बसलंय बघ म्हणून मारायची, आणि मी जागेवरून न हलता आले म्हणायची. आले म्हटलं की माणूस आलेलं नसतं, हे दोघींनाही माहीत होतं.

मी गेले तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. पुढचं त्यांनी गिळलं.

मला दोन हाका आठवतात. आज मास्तरनं सहा म्हटल्या. प्रत्येकीनंतर माझं आले. सहावं सगळ्यांत वैतागलेलं आहे.

सहाच होत्या का, तेवढं मला कळायला हवं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

वजन ४०३. पोपट ताईच्या आवाजात बोलतो, एवढंच भावाला सांगितलं. तो म्हणतो, पोपट परत दे आणि आठ दिवस इकडे ये. नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. मी नसताना मास्तर जे बोलतो ते मला ऐकायचं आहे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

वजन ४०३. जुना फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलाखाली ठेवला आणि कामावर गेले. आत्ताच सगळं ऐकलं.

बराच वेळ काही नाही. मास्तर बिया फोडतो. खाली कुणीतरी गाडी धुतं.

मग बाईचा आवाज. लांबून. पॅसेजच्या टोकाकडून. शब्द लागत नाहीत. मास्तर बिया फोडायचा थांबतो. मग तेच जवळून, त्याच्या तोंडून, अडखळत, अर्धवट. मग पुन्हा लांबून, सावकाश, तोडून तोडून. पुन्हा जवळून, थोडं बरं. असं अकरा वेळा.

अकराव्या वेळी मास्तरला नीट जमतं. लांबून, अगदी हळू, “शाब्बास.”

ताई पहिलीच्या पोरांकडून असंच पाठ करून घ्यायची.

न्हाणीघराला बाहेरून कडी लावून ठेवली आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार

वजन ४०१. आजच्या रेकॉर्डिंगमध्ये हाका नऊ.

नऊ. मी दोन ओळी नाही विणल्या. दोन ओळींना पंचवीस मिनिटं लागत नाहीत. कोपरापासून मनगटापर्यंत बाही पुरी झालेली होती, ती मी नंतर उसवून टाकली आणि हे विसरले.

दवाखान्यात आज एका म्हाताऱ्या बाईंना चुकीच्या ताकदीच्या गोळ्या देत होते. माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलीनं पाहिलं म्हणून बरं. ती म्हणाली, मावशी, घरी जा, तुमचं लक्ष नाही. साहेबांनी आठवड्याची रजा लिहून घेतली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

वजन ४००. रजेवर आहे, पण दुपारी घरात थांबले नाही. दोन ते पाच बाहेर बागेत बसले. मी असले तर ती मास्तरला शिकवत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये नऊ हाका. नऊदा आले. मग बराच वेळ काही नाही. नुसता पाण्याचा आवाज. मग लांबून, शांतपणे:

“राहू दे. मीच येते.”

मास्तरनं हे म्हणून दाखवलं नाही. पंख आपटल्याचा आवाज, पिंजऱ्याची दांडी पडल्याचा आवाज. मग शेवटपर्यंत काही नाही.

त्या दिवशी ती हे म्हणाली होती का, मला माहीत नाही. पण तिची सवय होती. मी उठले नाही की राहू दे, मीच येते म्हणायची. आणि यायची. एक शब्द न बोलता समोर येऊन उभी राहायची, मी मान वर करीपर्यंत.

घरी आले तेव्हा न्हाणीघराची कडी निघालेली होती.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

वजन ३८९. काही खाल्लं नाही. मिरचीच्या बिया समोर धरल्या, बघितलं नाही.

मास्तर बोलत नाही. एकही आवाज नाही. पिंजऱ्याच्या मागच्या जाळीला पाठ लावून बसतो, तोंड पॅसेजकडे. मी मध्ये उभी राहिले तर मान तिरकी करून माझ्या मागे बघतो.

तीन चाळीसला चपला. रबरी, ओल्या. डावी घासत येणारी. ताईचा डावा पाय अधू होता. न्हाणीघराच्या दारापासून चार पावलं. मग थांबल्या.

पॅसेज पाहिला. कुणी नाही. फरशी ओली.

१ नोव्हेंबर, शनिवार

वजन ३७४. छातीवर रक्त. उरलेली पिसंही उपटली.

तीन चाळीस. सात पावलं.

या घरात ती कधी आली नव्हती. मी घर बदललं हे तिला कुणी सांगितलं?

२ नोव्हेंबर, रविवार

मास्तरला परत दिलं. केंद्रातल्या बाईंनी त्याला टॉवेलात गुंडाळून घेतलं. छातीवरचं रक्त पुसलं. तिथल्या पिंजऱ्यात ठेवताच दहा मिनिटांत खायला लागला. बाई म्हणाल्या, हा आजारी नाही. हा घाबरलाय. काय आहे तुमच्या घरी?

बहीण आहे, मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

वही मागत होत्या. उद्या देते म्हटलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

खालच्या वहिनी वर आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, बरं झालं हो, तुमच्या बहीण आता हिंडू-फिरू लागल्या. डावा पाय दुखतो का त्यांचा? आमच्या डोक्यावर घासत जातात ना, म्हणून विचारलं. राग मानू नका.

मी बहिणीबद्दल त्यांना कधीच काही —

आज पोपट नव्हता. तरी हाक आली. नऊ नाही, एकच. पॅसेजच्या मध्यापासून.

मी आले म्हटलं. सवयीनं. आणि बसूनच राहिले, हात खुर्चीला धरून.

हाक थांबली. पावलं थांबली नाहीत. अकरा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

भावाचा फोन. त्याला खरं सांगितलं. नऊ हाका, बाही, पंचवीस मिनिटं, सगळं. पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं. मग म्हणाला, आत्ताच्या आत्ता बॅग भर, मी न्यायला येतो, परवा सकाळी पोचतो, तोवर खालच्या वहिनींकडे राहा.

बॅग भरली. दारापर्यंत नेली.

मग परत आणून ठेवली. मी निघून गेले आणि ती दाराशी येऊन हाक मारत राहिली तर —

पुन्हा तेच ना.

पुढच्या खोलीचं दार आतून लावून बसले. पंधरा पावलं. दारापलीकडे दोन हातांवर थांबली. श्वास ऐकू येत नाही. माणूस उभं असलं की कपड्यांचा तरी आवाज येतो. तोही नाही. पाण्याचे थेंब तेवढे.

ही ताईच आहे कशावरून? मास्तरला एक आवाज ऐकून ऐकून आला. तसा दुसऱ्या कुणालाही —

५ नोव्हेंबर, बुधवार

वजन. सवयीनं लिहिलं.

तीन वीस. दार लावलेलं आहे. ऊन फरशीवर आहे. खाली वहिनींच्या घरी कुकरची शिट्टी झाली.

तीन तेहतीस. नळ सुटला.

तीन छत्तीस. चपला. मोजत नाही.

दाराखालून पाणी येतंय. थोडं. माझ्या खुर्चीपर्यंत नाही अजून.

भीती वाटते. अक्षर बघा. पण मला ठरवायला हवं, हाक आली की —

तीन एकोणचाळीस. दाराशी.

थांबली. कडीला हात लावत नाही.

काहीतरी पडलं. जड. दाराला लागून, बाहेरच्या बाजूला. पडल्याचा आवाज. त्या दिवशी हा मला ऐकू आला नव्हता —

आता काही नाही.

बारके. खालून येतोय आवाज. जमिनीलगत. बारके, येतेस का ज

तोंड मिटून घेतलंय. या वेळी आले म्हणणार नाही, जाणार. दिसू नये म्हणून चष्मा काढून ठेवते, खुर्ची मागे स